शिक्का न मारलेली पुस्तकं

“शहाणी पुस्तकं वरच्या मजल्यावर, माझ्याकडे सगळी वेडी आहेत, चालत असतील तर बसा,” असं बाई एकदा एका घाबऱ्याघुबऱ्या विद्यार्थ्याला म्हणाल्या. तेव्हापासून विद्यापीठाच्या ग्रंथालयातल्या त्या तळघराला दुर्मिळ ग्रंथ विभाग असं कुणी म्हटलं नाही. वेडी खोली, एवढंच.

बाईंना सगळे कवटीबाई म्हणत. त्यांच्या टेबलावर चिनी मातीचं एक टकलं डोकं होतं. त्यावर निळ्या रेघांचे कप्पे आखलेले: इथं लोभ, तिथं भीती, कानामागे मैत्री. कुणा डॉक्टरनं मरताना आपली तीनशे बारा पुस्तकं विद्यापीठाला दिली, त्यांच्याबरोबर हे डोकंही आलं. नव्या शिपायाला बाई त्याची ओळख करून देत. “हे आमचे मोठे साहेब. यांच्या डोक्यात काय चाललंय ते निदान लिहिलेलं तरी आहे.”

पुस्तकंही त्या डोक्याच्या नात्यातलीच. एका तुरुंगाच्या वैद्यानं कैद्यांची स्वप्नं लिहून घेतली होती, कोठडीच्या नंबरानुसार. एका मास्तरनं चारशे मुलांच्या थापा वयवार मांडल्या होत्या. सात वर्षांच्या थापा सगळ्यांत सुबक, असा त्याचा निष्कर्ष. एका पुस्तकात रागलोभांना रंग दिलेले आणि प्रत्येक रंगाचा रेशमी धागा पानावर चिकटवलेला. मत्सराचा धागा कधीच झडून गेलेला. आणि एक पुस्तक अडखळत बोलणाऱ्यांसाठी. त्याच्या पुठ्ठ्याच्या आत तळहाताएवढा आरसा बसवलेला, म्हणजे वाचणाऱ्यानं शब्द उच्चारताना स्वतःचं तोंड बघावं.

बाईंचं शिक्षण शाळेपुरतं. पण कुठलं पुस्तक कण्यात खिळखिळं झालंय हे त्यांना नुसतं उचलल्यावर कळे. सकाळी मऊ ब्रशनं धूळ काढायची, सुटलेल्या पुस्तकांना सुती नाडा बांधायचा, डांबराच्या गोळ्या बदलायच्या. खोलीची खिडकी रस्त्याच्या पातळीवर, त्यामुळे दिवसभर बाहेर नुसते पाय दिसत. पायांवरून बाईंना वाचक ओळखू येई. जो दारावरून तीनदा पुढं जाऊन तीनदा मागं येतो, तो वाचक. जो सरळ आत येतो, त्याला झेरॉक्सचं दुकान हवं असतं.

तिथं येणारे लोक अभ्यासाला येत नसत. झोप न येणारे येत, उंचीला घाबरणारे येत, नवऱ्याचा स्वभाव एकदाचा कळावा म्हणून येणाऱ्या बायका तर पुष्कळ. बाई विचारत नसत. नोकरीच्या पहिल्या आठवड्यात त्यांनी नियमाप्रमाणे मास्तरांच्या थापांच्या पुस्तकावर तारखेचा शिक्का मारला होता. जुना कागद टीपकागदासारखा, शाई तीन पानं खाली उतरली आणि सहा वर्षांच्या दोन थापा कायमच्या गेल्या. बाईंना त्या रात्री जेवण गेलं नाही. दुसऱ्या दिवशी त्यांनी शिक्का ड्रॉवरमध्ये टाकला तो टाकलाच. वाचकाकडून एका चिठ्ठीवर नाव आणि पुस्तकाचा नंबर घ्यायचा, पुस्तक परत आलं की चिठ्ठी त्याच्यासमोर फाडायची. सव्वीस वर्षं असं चाललं. कुणाचं काही अडलं नाही.

मग ग्रंथालयात संगणक आला.

नवे ग्रंथपाल स्वभावानं वाईट नव्हते, फक्त त्यांना याद्या आवडत. एक दिवस ते स्वतः जिना उतरून खाली आले.

“बाई, तुमच्या तीनशे बारा पुस्तकांपुढे वाचकसंख्या शून्य येतेय.”

“यंत्राला दिसत नसेल.”

“यंत्राला शिक्के दिसतात. शिक्के कुठं आहेत?”

“ड्रॉवरमध्ये.”

ग्रंथपाल डोक्याच्या पुतळ्याकडे बघत राहिले. मदत मिळेल असं वाटलं असावं. “अहो, ज्याच्यापुढे एकाही वाचकाची नोंद नाही ते पुस्तक यादीतून बाद, असा ठराव आहे. म्हणजे लगदा. या खोलीत मुलांसाठी संगणक बसवायचेत.”

बाईंच्या हातातला ब्रश थांबला. पुस्तकांना जपायला म्हणून जे केलं, त्यानंच पुस्तकं चालली होती. शाईचा डाग परवडला असता.

“एक वाट आहे,” ग्रंथपाल म्हणाले. “गुरुवारी समितीपुढे पाच वाचकांची नावं लेखी द्या. कुणी काय वाचलं, एवढंच. तुम्हाला तर सगळे पाठ असतील.”

पाठ होते. तेच अवघड होतं.

घरी त्यांची नणंद होती. लग्न न केलेली, टेलिफोन खात्यातून निवृत्त झालेली, आणि दुसऱ्यांचं बोलणं ऐकायची तीस वर्षांची सवय अजून न सुटलेली. सगळं ऐकून ती खुर्ची पुढं ओढून बसली.

“त्यात काय एवढं, वहिनी? पाच काय, पन्नास नावं लिही.”

“ते लोक माझ्यासमोर रडलेत गं. एक बाई नुसतं पुस्तक उघडून बसायची, पान उलटायची नाही. तिचं नाव समितीच्या फायलीत घालू?”

“मग खोटी नावं घाल. मी सुचवते. आमच्या खात्यात निम्मे वेडेच होते.”

“खोटं लिहायची लाज वाटते.”

“कुणाची?”

“त्या चारशे पोरांची,” बाई म्हणाल्या.

स्वयंपाकघरातून नवऱ्यानं विचारलं, “कुठली पोरं?” तो बस चालवत असे आणि घरातल्या गोष्टी त्याला नेहमी दोन थांबे उशिरा कळत.

“तुझी नव्हेत, भाजी ढवळ,” नणंद ओरडली आणि वहिनीकडे वळून हळूच म्हणाली, “ऐकलंस का, एकच सांग. मोठ्या पदावरचं कुणी होतं का त्यात?”

बाई उठल्या आणि ताटं घ्यायला गेल्या.

गुरुवारी समिती वरच्या मजल्यावरच्या लांब टेबलाशी बसली. एका बाजूला ग्रंथपाल. दुसऱ्या बाजूला मानसशास्त्राच्या विभागप्रमुख बाई. वयानं लहान, हुशार, वाक्य संपायच्या आत उत्तर देणाऱ्या. मध्ये कुलसचिव. कुलसचिव फार थोडं आणि थांबून थांबून बोलत. विद्यापीठात तो रुबाब समजला जाई. त्यांच्या एका विरामात भलेभले प्राध्यापक घामाघूम होत. त्या विरामांचं खरं कारण फक्त कवटीबाईंना माहीत होतं. बावीस वर्षांपूर्वी एक सडपातळ कारकून दुपारच्या सुटीत खाली यायचा, आरशाचं पुस्तक घेऊन भिंतीकडे तोंड करून बसायचा आणि ओठ हलवायचा. अकरा आठवडे आला. मग मुलाखत झाली, बढती झाली, पुढच्याही झाल्या. त्यानंतर व्हरांड्यात समोरासमोर आले की दोघं एकमेकांना नमस्कार करत, आणि तेवढंच.

नमुना म्हणून बाईंनी तीन पुस्तकं कापडात बांधून नेली होती. विभागप्रमुखांनी एक उघडलं.

“कवटीच्या उंचवट्यांवरून स्वभाव! हे शिकवलं तर मुलं माझंच डोकं चाचपतील.”

“शिकवा कुठं म्हणतेय? ठेवा म्हणतेय,” बाई म्हणाल्या. “चुकलेलं कुठंतरी ठेवलेलं असावं लागतं ना. नाहीतर माणसं पुन्हा तेच पहिल्यापासून चुकत बसतील.”

विभागप्रमुख हसल्या, पण पुस्तक खाली ठेवलं नाही.

“नावं आणलीत?” ग्रंथपालांनी विचारलं.

बाईंनी कागद पुढं केला. वर नीट अक्षरात पाच पुस्तकांचे नंबर आणि शीर्षकं. प्रत्येकापुढे एक कोरी ओळ.

“हे काय? नावं कुठायत?”

“वाचलंय लोकांनी. शपथेवर सांगते. नावं नाही देणार.”

“बाई, ही पुस्तकं उद्या गाडीत भरली जातील.”

“कळतंय मला.”

खरोखर कळत होतं. तीनशे बारा पुस्तकं, झडलेल्या मत्सरासकट. आणि हातभर अंतरावर माणूस बसलेला. नाव घ्यायचीसुद्धा गरज नव्हती, नुसतं त्याच्याकडे बघितलं असतं तरी पुरलं असतं. बाईंनी डोळे पाण्याच्या जगवर खिळवले आणि जगच्या कडेवरून एक थेंब कसा खाली यायचं ठरवतो ते पाहत बसल्या.

“मग समितीचा नाइलाज आहे,” ग्रंथपाल म्हणाले. त्यांनाही ते बोलताना बरं वाटत नव्हतं.

कुलसचिवांनी कागद स्वतःकडे ओढला. चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला.

“आरशाचं... पुस्तक,” ते म्हणाले आणि थांबले. सगळे सवयीनं ताठ बसले. “मी... वाचलंय. अ... अकरा आठवडे.”

बावीस वर्षांचा रुबाब त्या एका वाक्यात उतरला होता, आणि कुलसचिवांचा चेहरा मात्र जड सामान खाली ठेवलेल्या माणसासारखा मोकळा झाला होता. त्यांनी पेन काढलं, तिसऱ्या ओळीवर पूर्ण नाव लिहिलं, हुद्दाही लिहिला. मग खाली शेरा मारला. “पुस्तकं ठेवावीत. उरलेल्या ओळी भ... भरण्याचा आग्रह नाही.” लिहिताना ते मोठ्यानं वाचत होते, सावकाश, कुठं अडलं तर अडू देत.

ग्रंथपालांनी आनंदानं यादीवर काट मारली. एक यादी तर पुरी झाली. विभागप्रमुखांनी आरशाचं पुस्तक उचलून आपला एक दात न्याहाळला.

आणि मग तिघांच्याही एकदम लक्षात आलं, की अजून चार ओळी कोऱ्या आहेत.

“काय हो बाई,” विभागप्रमुख आवाज खाली आणून म्हणाल्या, “कोठडीच्या स्वप्नांपुढे कोण?”

“फायलीत नाही जाणार,” ग्रंथपाल म्हणाले. “आपल्यातच.”

“आमच्या विभागातलं कुणी आहे का, एवढंच सांगा. नुसती मान हलवा.”

कुलसचिवही जरासे पुढं झुकले.

बाईंनी विभागप्रमुखांच्या हातातून आरशाचं पुस्तक हळूच सोडवून घेतलं, तिन्ही पुस्तकं एकावर एक रचली, कापडाची गाठ मारली, खुर्ची आवाज न करता मागं सारली आणि बाहेर पडल्या.