वासाची शिकवणी

लढाईच्या दिवसांत मी सांगलीला कॉलेजात रसायनशास्त्र शिकत होते. वर्गात आम्ही दोघीच मुली. प्राध्यापकांच्या मागोमाग आत जायचं आणि त्यांच्या मागोमागच बाहेर पडायचं, असा रिवाज. मुलं आपसांत सतरा शंका काढत बसत; आम्हाला विचारायला एकमेकींशिवाय कोणी नाही. म्हणजे तिच्या वाट्याला मी. तिचं नशीब बघा! मला अख्खं पुस्तक पाठ होतं आणि ज्ञान ज्ञान म्हणतात ते हेच, असा माझा पक्का समज.

ती सांगलीजवळच्या जैन शेतकऱ्याची मुलगी. प्रात्यक्षिकात नापास झालीस तर शिक्षण बंद, असं वडिलांनी बजावलेलं. आणि ती अडली होती वासावरून ओळखायच्या एका वायूवर. मी घडाघडा म्हणून दाखवलं, वास सडक्या अंड्यासारखा.

"ते मलाही पाठ आहे गं. पण सडकं अंडं असतं कसं?"

कुजक्या कांद्याच्या जवळपास, असं मी ठोकून दिलं. त्यांच्या घरात कांदा येत नव्हता. लसूणही नाही. माझी विद्वत्ता तिथंच आटोपली. प्रयोगशाळेत तर इतके वास एकमेकांत मिसळलेले, की त्यातला नेमका हा कुठला ते मलाही दाखवता येईना.

सुटीत घरी रहिमतपूरला गेले, तेव्हा कोंबडीनं टाकून दिलेलं एक अंडं हाती लागलं. डब्यात घालून निघाले, तर आई म्हणाली, "आगं, ताजी सोडून ह्ये कुठं घिऊन चाललीस?" शास्त्रासाठी, असं मी मोठ्या रुबाबात सांगितलं. आगगाडीत शिपायांची ही गर्दी. कुणाची तरी ट्रंक डब्यावर आदळली, झाकण उडालं आणि शास्त्र माझ्या पातळावर सांडलं. सांगलीपर्यंत अख्ख्या बाकावर मी एकटी ऐसपैस.

ती स्टेशनवर आली होती. नाकाला पदर लावून चार हात लांबच थांबली.

"यात जीव नव्हता ना?"

"नाही गं. कोंबडीनंच सोडलेलं."

मग तिनं पदर काढला, जवळ येऊन वाकली आणि डोळे मिटून माझ्या निऱ्यांचा दोनदा वास घेतला. टांगेवाल्यानं आम्हाला टांग्यात काही घेतलं नाही.

परीक्षेत तिला नेमका तोच वायू आला. नळीपाशी वाकली, ओठ दाबून माझ्याकडे पाहिलं आणि भराभरा लिहायला लागली. मी आपली पुस्तकातली ओळ आठवत उभी. बाहेर आल्यावर म्हणाली, "वायूच्या जागी तुझंच नाव लिहिणार होते बघ."

दोघीही पास झालो. तिच्या वडिलांनी मला घरी जेवायला बोलावलं, अर्थात दिवस मावळायच्या आत. येताना धुतलेलं पातळ नेसून ये, हा निरोप मात्र तिचा होता.