कडी कुणाच्या बाजूला?

लालबागच्या आमच्या चाळीचे कठडे, पाण्याच्या टाकीची शिडी, सुलभावहिनींच्या दाराची जाळी. मंडळी, हे सगळं मी माझ्या हातांनी केलंय. वेल्डिंग बघून बघून शिकलो.

ती जाळी गेल्या वर्षीची. खोली सोडा म्हणून गुंड वहिनींना धमकावत होते. चौकीत संरक्षण मागितलं, तर उत्तर मिळालं, "माणसं नाहीत."

आज शेजारच्या टॉवरमध्ये एक मंत्री राहायला आले. आठ पोलीस हजर! त्यांच्या साहेबांनी मला चाळीच्या तोंडाशी बोलावलं.

"मिस्त्री, इथे गेट पाहिजे. संध्याकाळपर्यंत."

मी टेप लावला. अकरा फूट चार इंच. मग नेहमीचं विचारलं, "कडी कुठल्या बाजूला?"

"आमच्या. बाहेरून."

"आणि चाळीत कुणाला अटॅक आला तर?"

"हाक मारा, उघडू."

मागून वहिनी म्हणाल्या, "भाऊ, मिळाली वाटतं माणसं!"

साहेबांनी डोळे वटारले. "करतोस की दुसरा बघू?"

राहणाऱ्याला आतून उघडता येणार नाही असं दार मी आजवर केलेलं नाही. दुसरा कुणी करेलही. तुम्ही काय केलं असतंत?

मी टेप गुंडाळला. टॉवरवाले एका दिवसाच्या कामाचे साठ हजार देत होते. नाही म्हणालो.