लाल्या पाहणारा कॅमेरा

माझ्या यजमानांना लाल आणि हिरवा हे रंग वेगवेगळे दिसत नसत. लग्न ठरण्याआधीच ते कळलं होतं. आमचं आर्वीला कापडाचं दुकान. मला बघायला आले तेव्हा बैठक दुकानामागच्या खोलीतच होती, आणि काकांनी गंमत म्हणून त्यांच्यापुढे दोन ताके उलगडले. "सांगा बरं जी, पोरीले कोनतं शोभंन?"

हे म्हणाले, "दोन्ही एकाच रंगाचे हायेत ना?"

एक डाळिंबी होता, एक शेवाळी. काकांचं हसू थांबेना. "घ्या! कापडवाल्याचा जावई आन् असा!" यांनीही हसून सांगून टाकलं की जन्मापासून असंच आहे. मला तो माणूस तिथेच आवडला. जे दिसत नव्हतं ते दिसतं असं त्यांनी भासवलं नाही.

आता ते नाहीत. ते गेल्यापासून मी रोज थोडं लिहिते, कधी पान, कधी अर्धंच. आज कॅमेऱ्याबद्दल लिहावंसं वाटतं आहे, कारण त्या दिवसांत ते फार आनंदात होते.

वर्ध्याच्या एका कॉलेजात हे पदार्थविज्ञान शिकवत आणि मी तिथल्याच ग्रंथालयात होते. राहायला बोरगाव मेघेला. यांचं घर अल्लीपूरचं, पिढ्यान्‌पिढ्या शेती, वावरात पऱ्हाटी, म्हणजे कपाशी. दसऱ्याच्या सुमाराला कपाशीची पानं कडेनं लाल पडू लागतात; त्याला लाल्या म्हणतात. गावात तो शेंबड्या पोरालाही ओळखता येतो. यांना येत नसे. सासरे वावरात निघाले की धाकट्याला हाक मारायचे आणि यांच्याकडे पाहून म्हणायचे, "याले नेऊन काय कराचं? याच्या लेखी सारं वावर हिरवंगार हाय." त्यात राग नव्हता, पण बोलणं तर होतंच. हे एकदा मला म्हणाले होते, "बाबा झाडापाशी वाकून काही तरी पाह्यत. आन् मी त्यायच्या पाठीकडे पाहत उभा राहो."

दोन हजार साल उलटल्यानंतरची गोष्ट. कॉलेजला एका मोठ्या उपकरणासाठी मंजुरी मिळाली आणि यांनी हायपरस्पेक्ट्रल कॅमेरा सुचवला. नाव जड आहे, गोष्ट सोपी. आपला डोळा आणि साधा कॅमेरा तीन रंगांच्या मिश्रणातून जग पाहतो. हा कॅमेरा प्रकाशाचे शंभराहून जास्त बारीक पट्टे पाडतो, त्यात डोळ्याला न दिसणारेही आले, आणि पानाच्या एकेका ठिपक्यावरून कोणता पट्टा किती परततो ते मोजतो. पान आजारी पडलं की ते परतणं बदलतं.

"म्हंजे रंग दिसाची गरजच नाई," हे म्हणाले. "मोजता येते."

माहितीपत्रकं ग्रंथालयाच्या पत्त्यावर येत. दुपारी वाचनकक्ष रिकामा झाला की आम्ही दोघं लांब टेबलावर ती पसरून बसायचो. निवड तीन प्रकारांत होती. प्रयोगशाळेचा कॅमेरा वर पक्का बसवलेला, दिवे आपले, आणि पान खालच्या सरकत्या फळीवरून सावकाश पुढे जाणार. कारण असा कॅमेरा एका वेळी एकच रेघ पाहतो आणि रेघेला रेघ जोडून चित्र करतो. शेतातला कॅमेरा तिवईवर उभा राहून स्वतःच हळूहळू मान वळवतो आणि दिव्याचं काम सूर्य करतो. तिसरा विमानाच्या पोटाशी बांधायचा.

प्राचार्यांना तिसरा हवा होता. "विमानाचाच घ्या. जिल्ह्यात कोणाकडे नसेल."

"सर, कॅमेरा येईल. विमान कुठून आणायचं?" हे म्हणाले. शिवाय इतक्या उंचीवरून एका ठिपक्यात चार झाडं आणि मधली माती सगळं एकत्र येतं. आजारी पान कोणतं ते कळत नाही. तो विषय तिथेच मिटला.

यांचं मन शेतातल्या कॅमेऱ्यावर होतं. खरेदीच्या समितीत ते कारणं नीट सांगत: तोडलेलं पान कोमेजतं, झाडावरचं पान खरं बोलतं. खरं कारण मला माहीत होतं. त्यांना बाबांच्या शेजारी उभं राहून एकदा लाल्या पाहायचा होता. मात्र शिफारस यांच्याच सहीनं जाणार होती, आणि आमच्या कॉलेजला असं उपकरण पुन्हा मिळण्यासारखं नव्हतं. निवड चुकली असती तर कॅमेरा कपाटात पडून राहिला असता.

विकणाऱ्या कंपनीनं शेतातला कॅमेरा दाखवायची तयारी दाखवली. यांनी जागा सांगितली ती अल्लीपूरचं आपलं वावर. हैदराबादहून एक तरुण इंजिनिअर पेट्या घेऊन आला. सकाळी वारा पडलेला, ऊन स्वच्छ. त्यानं धुऱ्याजवळ, वावराच्या बांधाशी, तिवई उभी केली, कॅमेरा बसवला आणि समोर एका बुटक्या स्टुलावर हातभर रुंदीची पांढरीशुभ्र चकती ठेवली. कॅमेरा आधी त्या चकतीकडे पाहतो, पूर्ण पांढरं म्हणजे किती ते शिकतो आणि पुढचं सगळं त्याच्याशी ताडून मोजतो. हे सांगून तो लॅपटॉपच्या तारा आणायला गाडीकडे गेला. हे त्याच्या मदतीला गेले.

आमच्याकडे वावरात कोणतंही नवं यंत्र आलं की आधी त्याची पूजा होते. फवारणीचा पंप असो, विहिरीवरची मोटर असो, हळदकुंकू लागल्याशिवाय ते सुरू होत नाही. सासूबाई ताट घेऊनच आल्या होत्या. कॅमेऱ्याच्या काचेला हात लावायचा नाही एवढं त्यांना समजलं. पण यंत्रापुढे स्टूल, स्टुलावर कोरी पांढरी चकती. त्यांना वाटलं, पोरानं पूजेचीच जागा मांडून ठेवली आहे. त्यांनी चकतीच्या मधोमध हळदकुंकवाची बोटं ओढली, वर झेंडूचं फूल ठेवलं आणि हात जोडले. मी शेंगांची पिशवी खाली ठेवून पोचेपर्यंत सगळं झालं होतं.

इंजिनिअर परतला आणि जागच्या जागी थांबला. "माताजी, ये क्या कर दिया! इसको तो हम हाथ भी नहीं लगाते!"

सासूबाईंना काही कळेना. "काऊन? नारळ राह्यला म्हून?"

हे इतके हसले की त्यांना चष्मा काढून पुसावा लागला. मग इंजिनिअरनंच उपाय सांगितला: वाहत्या पाण्याखाली बारीक पॉलिश पेपरनं वरचा थर घासायचा. पॉलिश पेपर सासऱ्यांच्या अवजारांच्या डब्यात निघाला. मोटर सुरू केली, आणि हे नि तो मुलगा धारेखाली चकती धरून घासत बसले. सासूबाई पलीकडे उभ्या राहून सांगत होत्या, "कुंकू सारं नोको काढू रे, यवढंसं राहू दे कोपऱ्यात." हळद सुटली, चकती वाळली, पण तोवर ऊन डोक्यावर आलं आणि वारा सुटला.

कॅमेरा मान वळवू लागला. एक रेघ घेतो न घेतो तोच पान हलायचं आणि पुढची रेघ भलतीकडे जायची. पडद्यावर पऱ्हाटी उमटली ती ओढलेल्या कणकेसारखी. इंजिनिअर पुन्हा पुन्हा घेत राहिला. मध्येच वारा थोडा थांबला आणि धुऱ्याजवळची तीन-चार झाडं बरी आली. त्यानं यांच्या सांगण्यावरून निरोगी पानांना पिवळा आणि बिघडलेल्यांना निळा रंग दिला.

यांना निळा नीट दिसे. ते लॅपटॉपवर वाकले, मग झाडाकडे गेले, एक पान हातात धरून तिथूनच ओरडले, "बाबा, हे हाय का?"

सासरे जवळ गेले. "हाय."

"आन् हे?"

"थेबी हाय." पान सोडून सासरे म्हणाले, "मंग यवढे दिवस मलेच काऊन इचारलं नाई?"

यांनी तिसरं पान त्यांच्यापुढे धरलं. दोघं तसेच वाकून पुढच्या झाडाशी गेले, तिथून त्याच्या पुढच्या. आज आठवताना मला त्या दोन पाठीच आधी दिसतात.

परतताना बसमध्ये मी म्हटलं, "मग आता शेतातलाच ना?"

"नाही," हे म्हणाले. "प्रयोगशाळेचा."

"का?"

"वावरात रोज वारा असते. ढग असते. चार झाडं दिसासाठी आख्खा दिवस गेला. पोरं शिकतीन त्यायले मापं रोज सारखी पाह्यजेत. मले पाह्यचं होतं थे आज पाह्यलं. माह्या हौशेसाठी कॉलेजचा कॅमेरा नाई घेता येत."

पान कोमेजण्याचं काय, असं मी विचारलं. ते म्हणाले, "ओल्या फडक्यात आनता येते." आणि मग पिशवीतल्या शेंगा सोलून मला देत राहिले.

प्रयोगशाळेचा कॅमेरा आला. पुढच्या हंगामात एका रविवारी सासरे सकाळच्या बसनं बोरगावला येऊन दारात उभे राहिले. ओल्या पंच्यात गुंडाळलेली पानं होती. "चाल," ते यांना म्हणाले, "तुही मशीन दाखव." मीही गेले. पानं फळीवरून सरकली. हे पडद्याकडे पाहून सांगू लागले: हे लाल, हे चांगलं, आणि हे आज तुम्हाला हिरवं दिसतं आहे पण बिघडतं आहे. सासऱ्यांनी ते पान उलटसुलट पाहिलं. "हे? हे तं चांगलं हाय." ज्या झाडाचं ते पान होतं त्याला त्यांनी ओळखीसाठी लाल चिंधी बांधून ठेवली होती; ते झाड काही दिवसांनी लाल पडलं. एका झाडाच्या बाबतीत यांचं चुकलं, आणि ते सासऱ्यांनी गावभर मोठ्या कौतुकानं सांगितलं.

दिवाळीत आम्ही अल्लीपूरला गेलो तेव्हा हे एकटेच ती चिंधी बांधलेली झाडं बघायला वावरात गेले. बराच वेळ झाला तरी येईनात, म्हणून सासरे मागोमाग गेले. हिरव्या पऱ्हाटीत लाल चिंधी, आणि हे ओळीओळीनं शोधत फिरत होते.  घरी आल्यावर सासऱ्यांनी सासूबाईंकडे जुनी निळी चादर मागितली आणि ओसरीवर बसून तिच्या पट्ट्या फाडल्या.