कार्डासाठी पत्ता बघायला आलेला माणूस

डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "आजोबांना घरी न्यायला माझी ना नाही. पण ऑक्सिजनचं मशीन घरात आधी लावा, मग न्या. त्याच्याशिवाय मी सोडणार नाही."

हे ऐकून आमचे हे पलंगावर उठून बसले. नाकातली नळी सावरत मला म्हणाले, "ऐकलंस ना? मग आण जा." जसं काही बाजारातून कोथिंबिरीची जुडीच आणायची होती.

जन्मभर ठाण्याच्या खाडीत जाळी टाकलेला माणूस. फुप्फुसं पार निकामी झालेली. आणि त्या वॉर्डाच्या खिडकीतून दिसायचं काय, तर समोरच्या बिल्डिंगची पाण्याची टाकी. रोज मला विचारायचे, "आज भरती कधी गो?" मी आपली अंदाजाने काहीतरी सांगायची. एकदा चुकलं तर केवढे चिडले! "इथे पडलोय म्हणून काय वाट्टेल ते सांगतेस काय?" बरं व्हायची आशा त्यांनी कधीच सोडली होती, खरं सांगते. फक्त घरी यायचं होतं. आणि मला त्यांना न्यायचं होतं, तिथल्या पांढऱ्या भिंतीकडे बघत त्यांचे डोळे मिटू नयेत एवढंच माझ्या मनात होतं.

मशीनचं दुकान टेंभी नाक्याजवळ. मी आणि मुलगा गेलो. नवरात्राचा मांडव उभा राहत होता, रस्ता अडलेला, रिक्षावाल्याने अलीकडेच उतरवलं. भाड्याची मोठी मशीनं सगळी बाहेर गेलेली. विकत घ्यायचं तर किंमत ऐकून मी खुर्ची शोधली. माझं सोनं आधीच गहाण होतं, पहिल्यांदा दवाखान्यात आणलं तेव्हाच. नातेवाइकांकडे दुसऱ्यांदा हात पसरायला जीभ रेटत नव्हती. दुकानदार माणूस बरा होता. म्हणाला, "मावशी, हप्त्यावर देतो की. पण हप्ते क्रेडिट कार्डावरच होतात. कार्ड घेऊन या, त्याच दिवशी मशीन घरी."

आता आमच्याकडे कुठलं कार्ड? मासे विकणारी मी, रोख घ्यायचं, रोख द्यायचं. मुलगा मात्र घोडबंदर रोडला एका टॉवरमध्ये पंप आणि लिफ्टची देखभाल करतो, त्याचा पगार बँकेत येतो. त्याच्या कामाच्या वाटेवर एक मॉल आहे, तिथे कार्डवाल्यांचं टेबल असतं. एरवी त्या पोरी "सर, सर" करत मागे लागतात म्हणून हा लांबून जायचा. त्या दिवशी आम्हीच त्यांच्या मागे लागलो.

मुलगी चुणचुणीत होती. "पगार खात्यात येतो ना? मग टेन्शनच नाही. झटपट अप्रूव्हल!"

मी म्हटलं, "बाय, झटपट म्हणजे किती झटपट? माझा नवरा दवाखान्यात आहे."

तिचं हसू जरा उतरलं. म्हणाली, "काकू, बाकी सगळं फोनवरच होतं. तुमच्या घराचा नंबर सिस्टीममध्ये सापडत नाहीये, म्हणून पत्ता बघायला एक माणूस येईल घरी. तो बघून गेला की झालं समजा."

झालं समजा! मी दवाखान्यात जाऊन ह्यांना तसंच सांगितलं. त्यांनी पिशवी भरायला लावली मला. चादर, पेला, कंगवा, सगळं. ती भरलेली पिशवी पलंगाखाली ठेवून आम्ही दोघं त्या कार्डाची वाट बघत बसलो.

दोन दिवसांनी मुलाच्या फोनवर मेसेज आला. अर्ज नामंजूर.

त्याने दवाखान्यातूनच त्या कार्डवाल्या मुलीला फोन लावला. ऐकता ऐकता त्याचा चेहरा पडला. फोन ठेवून म्हणाला, "आई, माणूस आलेला आपल्या गल्लीत. शेजाऱ्यांनी सांगितलं, या नावाचा कोणी इथे राहत नाही."

मी तशीच उठले आणि घर गाठलं. माझी मोठी जाऊ ओट्यावर बोंबील सोलत बसलेली. आमच्या घराची भिंत न् तिची भिंत एकच.

"काय गो, आमच्याकडे कोणी आलेला काय?"

"आलेला ना!" तिचा चेहरा असा फुलला, जणू बक्षीसच मिळालंय. "बॅग लटकवलेली, हातात मोबाईल. तुझ्या पोराचं नाव घेतलं, बापाच्या नावासकट, आडनावासकट. मी लगेच ओळखला त्याला. म्हटलं, तो गेला इथून, शहाडला राहतो. समोरचीनेपण सांगितलं, हो हो, शहाडला. त्या कोपऱ्यावरचीने तर त्याचं लग्नपण लावून टाकलं शहाडला!"

"अगो, बँकेचा माणूस होता तो!"

"तेच तर सांगते मी. बँकेचाच होता!"

आता तुम्हाला सांगायला हवं, की आमच्या कोळीवाड्यात कुणाला कागदावरच्या नावाने कोणी हाक मारत नाही. लहानपणी जे काही पडलं असेल तेच म्हाताऱ्यापर्यंत चालतं. तीन नावं लावून विचारणारा आला की तो वसुलीवाला, नाहीतर पाडायच्या आधी घरं मोजायला आलेला. मागे एका पोराने मोबाईलवरून कर्ज घेतलं होतं, तेव्हा वसुलीची माणसं येऊन त्याच्या आईला रस्त्यात नको नको ते बोलून गेली. तेव्हापासून सगळ्या गल्लीचं एकच उत्तर ठरलेलं, इथे राहत नाही. कोणाला शिकवावं लागत नाही. शेंबडं पोरसुद्धा तेच सांगतं. मी स्वतः दोनदा सांगितलंय, दुसऱ्यांच्या पोरांसाठी.

मी तिच्या ओट्यावर बसले. रडूही येईना. पिशवी भरून ठेवलेल्या माणसाला जाऊन काय सांगू? मी जावेला सगळं सांगितलं. मशीन, कार्ड, हप्ते. तिच्या हातातला बोंबील तसाच राहिला.

"मग आधी सांगायला तोंड नव्हतं काय तुला?" ती ओरडलीच माझ्यावर. "भिंतीला भिंत आपली, आणि मला ठाऊक नाही?"

काय सांगणार? उधारीची गोष्ट आहे म्हणून लपवली, दुसरं काय.

मुलाने त्या टेबलावरच्या मुलीच्या हातापाया पडायचं तेवढं बाकी ठेवलं. तिने तिच्या साहेबांना गळ घातली. अजून एकदा माणूस येईल, म्हणाली, पण एकदाच. इकडे ह्यांना ताप चढला. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, उतरला तरच सोडीन. मला कशाची वाट बघावी तेच कळेना, तापाची की कार्डाची. मी दवाखान्यातून यायची ती घरोघर फिरायची. "तो आला तर खरं सांगा गो. माझा पोरगा इथेच राहतो म्हणा." जन्मभर ज्यांच्या शेजारी राहिले, त्यांना मी हात जोडून सांगत होते की मी इथे राहते!

माणूस आला तेव्हा मी घरीच होते. तरुणच होता, घामाने निथळत होता. पण त्याने बॅग खाली ठेवायच्या आत सगळी गल्ली त्याच्याभोवती.

"इथेच राहतो हो तो! लय गुणाचा!"

"पगार केवढा आहे ठाऊक आहे काय? लाखाच्या घरात!"

"आणि बोट आहे त्यांची, मोठी!"

तो बिचारा फोनकडे बघतो न् यांच्याकडे बघतो. "मावशी, अर्जात पगार एवढा नाही."

"मग वाढला असेल," कोपऱ्यावरची म्हणाली.

"बोटपण नाही अर्जात."

मी पुढे झाले. "नाही बाबा, बोट विकली. केव्हाच विकली. यांचं ऐकू नको, जे लिहिलंय तेच खरं."

त्याने कपाळ पुसलं. "आणि मागच्या वेळी सांगितलेलं शहाड?"

कोपऱ्यावरची हळूच मागे सरकली. मला वाटलं, गेलं. आता पुन्हा तेच. तेवढ्यात माझी जाऊ लुगड्याला हात पुसत पुढे आली. "मी खोटं बोलले. वसुलीवाला समजले तुला. पुतण्या आहे तो माझा, ह्या घरात जन्मलाय, नाळ मी कापलीय त्याची. त्याचा बाप तिकडे नळी लावून पडलाय. तुला काय लिहायचंय ते लिही, पण इथे राहत नाही असं लिहू नको."

त्याने फोनवर काहीतरी टाइप केलं. दाराचा फोटो काढला, माझाही काढला दारात उभी करून, आणि गेला. पाणी दिलेलं तेसुद्धा अर्धंच प्याला. मी त्याच्या पाठीकडे बघत राहिले. होय लिहिलं की नाही, ते पाठीवरून कसं कळणार?

कार्ड मंजूर झालं. मुलगा मेसेज मोठ्याने वाचायला लागला. पण पुढे वाचून थांबला. जेवढ्या रकमेचं कार्ड दिलं होतं, तेवढ्यात मोठं मशीन बसत नव्हतं.

आम्ही टेंभी नाक्याला पुन्हा गेलो. दुकानदाराने छोटं मशीन दाखवलं, मोठ्याच्या निम्म्या ताकदीचं. त्याचा फोटो घेऊन मी डॉक्टरीणबाईंकडे गेले. ताप उतरला होता. त्यांनी फोटो मोठा करून बघितला.

"बसून असले तर पुरेल," त्या म्हणाल्या. "चालले-फिरले तर कमी पडेल. आणि एखाद्या दिवशी बसल्या जागीही कमी पडेल, आजी. तेव्हा धावत इथे आणावं लागेल."

"परत नको," पलंगावरून आवाज आला.

मी म्हटलं, "अहो, थोडं थांबू या काय? मोठ्याची सोय होते का बघते."

"कुठून बघणार आहेस तू?" ते म्हणाले. रागाने नाही. मग डॉक्टरीणबाईंना विचारलं, "दारापर्यंत चाललो तर?"

"हळूहळू. तेवढंच."

"मग चल."

असं आम्ही ते छोटं मशीन घेतलं. बरोबर केलं की चूक, मला अजून सांगता येत नाही. ह्यांना घरी आणलं त्या दुपारी जावेने दोन्ही घरांतलं झाडून घेतलं, धूळ नको म्हणून, आणि आपली मासळी वाळत घालायची दोरी दूर नेऊन बांधली. ह्यांनी थोडा दम खाल्ला आणि म्हणाले, उठव. मी आणि मुलाने धरून उंबऱ्यापर्यंत आणलं. तिथे नळी संपली. पुढे गल्ली, गल्लीच्या टोकाला खाडी, तिच्यापर्यंत अजून पाच-सहा घरं. ते एक पाऊल पुढे टाकायला गेले तशी नळी ताणली. मी मागून ती दोन्ही हातांनी धरली.

"सोड ना जरा," ते म्हणाले.

"एवढीच आहे हो," मी म्हटलं. "एवढीच आहे."