शुक्राचं दातेरी चाक

तारांगणातल्या यंत्रवालीला सगळे 'ताई' म्हणत. तिच्याहून दहा वर्षांनी मोठे असलेले संचालकसुद्धा. घुमटाखालचा जुना प्रोजेक्टर एकवीस वर्षं तिच्या हाताखाली होता. त्याची नुसती कुरकुर ऐकून कुठल्या ग्रहाचं दुखणं आहे ते ती सांगायची.

एका मंगळवारी शाळेची मुलं बसलेली असताना शुक्र आकाशात मध्येच अडकला आणि थरथरू लागला.

"शुक्राला आज थंडी वाजतेय," निवेदकानं वेळ मारून नेली. मुलं हसली. ताईला मात्र घाम फुटला. खेळ संपल्यावर तिनं झाकण उघडलं, तर बोटाच्या पेराएवढ्या दातेरी चाकाचे तीन दात झिजून गेले होते. ते बनवणारा कारखाना कधीच बंद पडलेला. लेथवाल्यानं दोनदा नवं चाक करून दिलं, पण दोन्ही वेळा शुक्र सैरावैरा पळत सुटला.

"घरातला मिक्सर महिनाभर बंद पडून आहे," नवरा म्हणाला, "आणि तू शुक्राच्या मागे! दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच."

तारांगणवाल्यांचं जग लहान. देशभरातले सगळे जमवले तरी एक बस भरेल की नाही, शंकाच. ताईनं सगळ्यांना निरोप धाडला. चौथ्या दिवशी फोन आला. आवाज म्हाताऱ्या माणसाचा.

"आमचं तारांगण बंद होऊन सहा वर्षं झाली. यंत्र तुमच्यासारखंच आहे. या, चाक घेऊन जा."

पाच तास बसनं प्रवास करून ती पोचली. दालनातल्या खुर्च्या गेल्या होत्या, भिंतींना ओल आली होती. पण यंत्रावर धुतलेली चादर होती. फोन करणारे काका तिथलेच निवृत्त यंत्रवाले; दर शुक्रवारी येऊन ते पुसत.

"वीज तोडलीय. हातानंच फिरवतो," ते म्हणाले, "गंजू नये म्हणून."

काकांनी स्वतःच स्क्रू सैल केले. शुक्राच्या चाकापाशी मात्र त्यांचा हात थांबला.

"तुम्हीच काढा. माझ्यानं नाही व्हायचं."

ताईनं पाना खाली ठेवला. "काढते. पण बसवायला तुम्ही चला, काका. मला एकटीला नाही जमणार."

काकांनी तिच्याकडे निरखून पाहिलं. "एकवीस वर्षं यंत्र सांभाळता आणि एक चाक बसवता येत नाही होय? थापा मारता चांगल्या!" मग चपला घालत म्हणाले, "चला."

बसवायला अर्धा दिवस गेला. दुसऱ्या दिवशीच्या खेळाला काका शेवटच्या रांगेत बसले. शुक्र शिस्तीत मावळला. मुलं वर पाहत होती, काका यंत्राकडे.

बाहेर आल्यावर ते एवढंच म्हणाले, "तेल जास्त घालता तुम्ही."

"सांगा मग, किती घालू?" ताईनं विचारलं.

पुढे एकेक भाग लागत गेला, आणि दर वेळी भागाबरोबर काकाही आले. दोन वर्षांत त्यांच्या यंत्राची नुसती चौकट उरली. तेव्हा त्यांनी इमारतीची किल्ली पालिकेच्या कचेरीत जाऊन परत केली. ती त्यांच्याकडे आहे हे तिथं कुणाला ठाऊकही नव्हतं.