पाचवी तार

"गॉगल घातला असता तर..."

घरात हे वाक्य गेली नऊ वर्षं अर्धवटच राहिलं होतं, आणि ते पुरं करायची कोणाला गरजही वाटत नव्हती. तारकाकांचा हात कपाच्या कानाऐवजी कपाच्या शेजारी गेला, की बायको कप त्यांच्या हातात देत तेवढंच म्हणायची. व्याही उजवीकडून समोर आले आणि हे त्यांना न बघता तसेच पुढे निघून गेले, की घरी आल्यावर तेच. त्यात भांडण नसायचं. घड्याळाने तासाला टोला द्यावा तसं ते यायचं.

तारकाका कागदाच्या मिलमध्ये तारा तोडत. सव्वीस वर्षं. रद्दीचे छातीएवढे उंच गठ्ठे येत, प्रत्येकाला पाच तारा, करकचून आवळलेल्या. लांब दांड्याच्या कटरने त्या तोडायच्या, एकेक ओढून काढायची, मग गठ्ठा पट्ट्यावरून पुढे, रद्दी पाण्यात घुसळून लगदा करणाऱ्या टाकीत. एक तार जरी आत गेली तरी पातं अडकून सगळी मिल ठप्प. म्हणून तोडलेल्या तारा ते पाच-पाच मोजून खुंटीला अडकवत. सव्वीस वर्षांत त्यांच्या पाळीत एकही तार आत गेली नव्हती. हे त्यांना कोणी विचारलं नाही, त्यामुळे त्यांनी कोणाला सांगितलंही नाही.

उजवा डोळा गेला तो पाचव्या तारेपायी. उघड्यावर भिजून फुगलेला पुठ्ठ्याचा गठ्ठा होता. चार तारा निमूट तुटल्या. पाचवी चाबकासारखी उसळली. गॉगल होता, पण कपाळावर. ज्याच्या वाट्याला येई, त्याच्या कपाळावरच राही. तीन माणसांत एक गॉगल, आणि त्याच्या काचा धुळीने, तारांनी ओरखडून दुधावरच्या सायीसारख्या झालेल्या. डोळ्यांवर ओढला की तार दिसेनाशी व्हायची. तारकाकांनी नवे गॉगल आणि समोर एक जाळी मागितली होती. "बघू," असं उत्तर मिळालं होतं, आणि ते दोनदा मिळालं होतं.

दवाखान्यात दोन्ही डोळ्यांवर पट्ट्या असताना ऑफिसचा कारकून अपघाताचं रजिस्टर घेऊन आला. "यांची नसली तरी चालेल, काकू, तुम्ही करा सही. पुढचे कागद अडायला नकोत." बायकोने वाचलं: गॉगल न वापरल्याने, स्वतःच्या निष्काळजीपणामुळे. वाचून तिला आधी नवऱ्याचा रागच आला. तिने सही केली. काचांचं तिला कोणी बोललं नव्हतं, आणि नंतर तारकाका बोलले तेव्हा तिला ती सारवासारव वाटली.

आता मिलमध्ये मशीन येणार होतं. कॅमेऱ्याने तार शोधायची, पोलादी हाताने तोडायची, गुंडाळून बाजूला टाकायची. त्यासाठी आलेली इंजिनियर बाई आठवडाभर तारकाकांच्या शेजारी उभी राहून त्यांचे हात चित्रित करत होती. लेकीच्या वयाची पोर, पण डोळस.

"काका, चार तारा तुम्ही समोर बघून तोडता. पाचवीला मान वळवता. का हो?"

"चार सुटल्या की अख्खा गठ्ठा पाचवीच्या गळ्यात पडतो, बाई. सगळा जोर तिच्यात."

"म्हणजे टेन्शन."

"तुम्ही टेन्शन म्हणा. आम्ही त्याला डोळा म्हणतो."

बाजूचा फोर्कलिफ्टवाला हसला. बाईला हसू आलं नाही. थोड्या वेळाने तिने बॅगेतून एक कागद काढला. मिलने वरच्या ऑफिसकडे मशीन मागताना पाठवलेली कारणं होती. "नाव नाहीये. पण हे तुम्हीच का?"

तारकाकांनी कागद डाव्या डोळ्याशी नेला. 'तार उसळून एका अनुभवी कामगाराचा उजवा डोळा कायमचा निकामी झाला. उपलब्ध गॉगल ओरखड्यांमुळे वापरण्याजोगे नव्हते. संरक्षक जाळीही नव्हती.'

ते परत वाचू लागले. मागे पट्टा रिकामा फिरत राहिला, फोर्कलिफ्टवाल्याने हॉर्न दिला, तरी ते वाचतच होते. नऊ वर्षं जे घसा कोरडा करून सांगितलं, ते कोणीतरी इतक्या स्वच्छ अक्षरांत छापून ठेवलं होतं, आणि तेही मिलनेच.

"मला याची एक प्रत मिळेल?"

मिळाली. चार घड्या घालून ती त्यांनी डब्याच्या पिशवीत तळाशी ठेवली आणि घरी दाखवली नाही. दाखवायची म्हणजे त्या सहीपाशी यायचं. बायको समोर बसून भाजी निवडत असताना दोन-तीनदा हात पिशवीकडे गेला. पण 'बघ, मी म्हणत नव्हतो?' असं म्हणून जिंकायचं कोणाशी?

आणि शिवाय सगळं ठीकच चाललं होतं. मॅनेजर साहेबांनी शब्द दिला होता, "मशीनकडून चुकलेली तार पडद्यावर बघून पकडायला एक माणूस लागणार. तुमच्याइतकी पारख कोणाला आहे, काका? ती खुर्ची तुमचीच." निवृत्तीला चार वर्षं उरली होती. बसून काम, सावली, पंखा. बायकोने खुर्चीवर घालायला उशी शिवायला घेतली.

मशीन सुरू झालं त्या दिवशी वरचे पाहुणे आले. आधी जुनी पद्धत दाखवायची होती. साहेबांनी तारकाकांच्या हातात नवाकोरा गॉगल ठेवला. त्यांनी तो डोळ्यांवर ओढला आणि क्षणभर थबकले. तारेवरचा गंजसुद्धा कणाकणाने दिसत होता. एका डोळ्याने दिसावं तेवढं सगळं. चार तारा तोडल्या, खुंटीला अडकवल्या. पाचवीपाशी त्यांनी कटर खाली ठेवला.

"ही त्याला करू द्या."

ठरवून केल्यासारखं वाटून लोकांनी टाळ्या वाजवल्या. गठ्ठा जाळीच्या पिंजऱ्यात सरकला, पोलादी हात पुढे झाला, तार तुटली आणि धाडकन जाळीवर आपटली. पाहुणे दोन पावलं मागे सरले.

"बघितलंत? किती जीवघेणं काम होतं हे!" साहेब म्हणाले. फोटो झाले. नंतर स्टोअरवाल्याने येऊन गॉगल परत मागून घेतला. "नोंद आहे काका त्याची."

पुढच्या आठवड्यात खुर्चीसाठी डोळ्यांची तपासणी झाली. पडद्यावर बसणाऱ्याचे दोन्ही डोळे चांगले हवेत, असा नियम निघाला. डॉक्टरने तपासलं ते तरी काय, आरशात बघितलं असतं तरी कळलं असतं. पाठोपाठ पत्र आलं. कामावर इजा झाली असेल तर निवृत्तीपर्यंत दुसरं हलकं काम देणं मिलला भाग होतं. यांची इजा मात्र, रजिस्टरनुसार, स्वतःच्या निष्काळजीपणाची. तेव्हा महिनाअखेरीपासून येऊ नये.

बायकोने पत्र वाचलं, खाली ठेवलं. तोंडात आलेलं वाक्य बाहेर पडायच्या आत तारकाकांनी पिशवीच्या तळातून तो कागद काढून तिच्यापुढे सरकवला.

तिने मोठ्याने वाचायला सुरुवात केली आणि 'वापरण्याजोगे नव्हते'पाशी आवाज बंद झाला. पुढचं मनात वाचलं.

"हा कधीपासून आहे तुमच्याकडे?"

"दीड महिना झाला."

"आणि मी उशी शिवत बसले होते." ती उठली, बाहेर जायची साडी कपाटातून काढली. "चला. मी येते."

साहेबांनी दोघांना बसायला सांगितलं, पाणी मागवलं. कागद बघून त्यांनी तो ओळखला.

"हा मशीन मागायला केलेला. वरच्यांना पटवायचं तर असं लिहावं लागतं, काका."

"लिहावं लागतं, का झालं होतं?" बायकोने विचारलं.

साहेबांनी चष्मा काढून पुसला. "काकू, यावर कोणाची सही आहे का? नाही. नुसता छापील कागद आहे." मग कपाटातून जुनं रजिस्टर काढून पान उघडलं आणि तिच्याकडे फिरवलं. "ही सही कोणाची?"

तिचीच होती. घाईत केलेली, शेवटचं अक्षर ओळीखाली घसरलेलं. तिने त्यावर बोट ठेवलं, जणू अजून ओली असेल.

"काचांचं मला कोणी सांगितलं नव्हतं."

"वाचून केलीत ना पण?"

"वाचून केली."

"मग मी तरी काय करू, सांगा." साहेबांचा आवाज खरोखर मऊ होता. त्यांनी रजिस्टर मिटलं आणि छापील कागद घडीवर घडी घालून तारकाकांना परत दिला. "हा ठेवा तुमच्याकडे."

बाहेर पडायची वाट मशीनवरून होती. खुर्चीवर फोर्कलिफ्टवाला बसला होता, हात डोक्यामागे घेऊन. पिंजऱ्यात एक फुगीर, ओला गठ्ठा होता. पोलादी हाताने एक तार तोडली, दुसरी, तिसरी. बायको पुढे चालत होती, तिला कुठे बघावं ते कळत नव्हतं. चौथी तुटल्यावर तारकाका एकदम थांबले, तिचा दंड धरून तिला मागे ओढलं आणि स्वतः मान वळवून तिच्या पुढे उभे राहिले.

"थांब. शेवटची आहे."

तार तुटली, जाळीवर आपटून खाली पडली.

"अहो काका," फोर्कलिफ्टवाला खुर्चीतून हसून ओरडला, "आता जाळी आहे की!"