लालपेन आणि लिटरली

औषधांची खोकी छापणाऱ्या कारखान्यात मुद्रितशोधकाला सगळे लालपेन म्हणत. एका स्वल्पविरामासाठी त्यांनी एकदा चालू मशीन थांबवलं होतं, तेव्हापासून ते दिसले की मशीनवाला ओरडायचा, "लालपेन आले रे, झाका!"

घरी आल्यावर तेच पेन इंटरनेटवर चालायचं. शुद्ध इंग्रजीच्या एका चर्चागटात ते रोज कुणाला ना कुणाला सोलून काढत. 'लिटरली' या शब्दावर तर त्यांची खास नजर. जे शब्दशः घडलं त्यासाठीच तो वापरायचा, नाहीतर तोंड बंद ठेवायचं, हा त्यांचा कायदा. "भाषा बदलते हो," असं कुणी लिहिलं, की "दूधही बदलतं, त्याला नासणं म्हणतात," हे उत्तर तयार.

अशात परगावी नोकरीला लागलेल्या लेकीने त्यांना इंग्रजीत कळवलं, की ऑनलाइन मीटिंगमध्ये माइक चालू राहिला, मी साहेबाची नक्कल केली, सगळ्यांनी ऐकली आणि मी लिटरली मेले. लालपेनांनी तो मेसेज जसाच्या तसा गटावर टाकला. खाली शेरा : 'मग हे टाइप कुणी केलं?' दोनशे लोक हसले. लेकीनेही ते वाचलं. ती काही हसली नाही. तिने बापाचे फोन घेणंच बंद केलं.

नवव्या दिवशी जेवताना ते बायकोला म्हणाले, "या पोरीने अक्षरशः जीव घेतलाय माझा."

"हो का? मग ताटावर कोण बसलंय?"

"अगं, बोलण्याची पद्धत असते ती."

"तिचीही तीच होती. तुम्ही लाल रेघ मारलीत, आणि वर गावभर दाखवत फिरलात."

लालपेन अर्ध्या ताटावरून उठले. हात धुऊन त्यांनी आधी ती पोस्ट काढून टाकली. पण लोकांचं हसून झालं होतं, ते कसं काढणार? मग त्याच गटावर, सगळ्यांसमक्ष, त्यांनी लिहिलं : 'ते वाक्य माझ्या मुलीचं होतं. तिला न विचारता टाकलं. मी लिटरली मूर्ख आहे. माफ कर, बाळा.'

झालं! जुने भिडू धावून आले. हा वापर आलंकारिक धरायचा की शब्दशः, यावर पन्नासेक प्रतिक्रिया पडल्या. एरवी लालपेनांनी एकेकाला उभा चिरला असता. आज ते त्या गर्दीत फक्त लेकीचं नाव शोधत होते.

शेवटी लेकीने लिहिलं : 'शब्दशःच धरा. बाबांनी इथे शब्द अगदी बरोबर वापरलाय. बाबा, फोन करा.'